कापूस, कार्व्हर आणि जेवणाच्या टेबलावरचं भांडण

पत्राचा सारांश

आम्ही अमेरिकेत, अटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ काउंटीत राहतो. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ. फेब्रुवारीत इथल्या शाळांमध्ये ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ असतो. यंदा मुलीनं प्रकल्पासाठी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ हा विषय घेतला आणि ती त्यात पूर्ण बुडाली. नवऱ्याचं म्हणणं, “हा आपला इतिहास नाही. तिला शिवाजी महाराज धड माहीत नाहीत, आधी ते शिकव.” सासरे यवतमाळहून आमच्याकडे आले आहेत. शेतकरी घरातले, निवृत्त शिक्षक. एकदा जेवताना ते म्हणाले, “माझा मुलगा दोन बॅगा घेऊन आला आणि पंधरा वर्षांत घर उभं केलं. या लोकांना इतक्या वर्षांत का नाही जमलं?” मुलगी म्हणाली, “आजोबा, तुम्ही रेसिस्ट आहात,” आणि ताटावरून उठून गेली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. त्यातच धाकट्यानं ताईच्या लॅपटॉपवर झाडाला टांगलेल्या माणसाचा जुना फोटो पाहिला आणि तो रात्री दचकून उठतो. मुलांना यातलं किती सांगायचं? मुलीनं माफी मागावी का? आणि मुळात हे सगळं आमच्या घरात यायला हवं का?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

सगळ्यात आधी धाकट्याबद्दल. बाकीचं आठवडाभर थांबू शकेल, त्याची झोप थांबणार नाही.

त्याच्यापाशी बसा आणि त्यानं काय पाहिलं ते त्याच्याच तोंडून ऐका. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, “काही नाही रे, फार जुनं आहे ते, विसरून जा.” त्यानं मूल काही विसरत नाही. आईशी या गोष्टी बोलायच्या नसतात, एवढंच शिकतं. त्यापेक्षा थोडक्यात आणि खरं सांगा. हो, असं घडलं होतं. जमावानं माणसांना मारलं आणि बहुतेक वेळा कुणाला शिक्षाही झाली नाही. ते फार वाईट होतं, आणि ते थांबवण्यासाठी पुष्कळ माणसं झगडली. मग त्या झगडणाऱ्यांपैकी एक माणूस त्याला नावानिशी द्या. आयडा बी. वेल्स या पत्रकार होत्या. १८९२ मध्ये मेम्फिस शहरात त्यांच्या मित्राला जमावानं मारलं. त्यानंतर त्यांनी अशा हत्यांची माहिती गोळा करून छापायला सुरुवात केली. त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी फोडली गेली, तरी त्या लिहीत राहिल्या. किंवा सहा वर्षांच्या रुबी ब्रिजेसबद्दल सांगा. नोव्हेंबर १९६० मध्ये ती न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्या मुलांच्या शाळेत दाखल झाली. बाहेर ओरडणारा जमाव, म्हणून तिच्यासोबत सरकारी मार्शल असायचे. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली आणि वर्षभर वर्गात फक्त रुबी आणि तिच्या शिक्षिका बार्बरा हेन्री, अशा दोघीच होत्या. नऊ वर्षांच्या मुलाला यातला एकटेपणा लगेच कळतो. डबा कुणासोबत खायचा, हा त्याच्या वयाचा प्रश्न आहे. फोटो मात्र आणखी काही वर्षं नकोत. ताईलाही सांगा की लॅपटॉप उघडा ठेवायचा नाही.

आता तुमच्या नवऱ्याचं वाक्य. त्यामागची काळजी मला समजते. घरापासून इतक्या दूर मुलं वाढवताना आपली भाषा, आपली माणसं हातातून निसटतील ही भीती खरी असते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ‘आपला इतिहास’ म्हणजे फक्त रक्तातून आलेला, असं त्यात धरलेलं आहे. तुमचं घर ज्या जमिनीवर उभं आहे, तिचा इतिहास मग कुणाचा?

तुम्ही काउंटीचं नाव लिहिलंत म्हणून हे सांगायलाच हवं. सप्टेंबर १९१२ मध्ये फोर्साइथमध्ये एका गोऱ्या तरुणीवर जीवघेणा हल्ला झाला. रॉब एडवर्ड्स नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला जमावानं काउंटीच्या मुख्य गावातल्या, कमिंगच्या तुरुंगातून ओढून काढलं, मारलं आणि टांगलं. आणखी दोन किशोरवयीन मुलांना घाईघाईनं खटला चालवून फाशी दिलं गेलं. मग रात्री घोड्यावरून येणाऱ्या टोळ्यांनी चर्च जाळली, घरांवर गोळ्या झाडल्या, आणि काही आठवड्यांत काउंटीतले जवळजवळ सगळे, सुमारे ११०० कृष्णवर्णीय रहिवासी पळून गेले. त्यात स्वतःच्या मालकीची शेतं असलेली कुटुंबंही होती. काहींनी मिळेल त्या भावात विकली, काहींची तशीच मागे राहिली आणि दुसऱ्यांनी बळकावली. पुढची सात दशकांहून अधिक वर्षं ही काउंटी जवळपास पूर्ण गोरी राहिली. जानेवारी १९८७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी होझिया विल्यम्स तिथे छोटा मोर्चा घेऊन गेले, तेव्हा त्यांच्यावर दगड आले. आठवड्याभरानं ते पुन्हा गेले, तेव्हा सोबत सुमारे २०,००० माणसं होती.

आज त्याच काउंटीत भारतीय दुकानं आहेत, गणपती बसतात, मराठी शाळा भरवणारी कुटुंबं राहतात. ही वस्ती कष्टानं उभी राहिली आहे, कुणीही त्यात लाज वाटून घेऊ नये. पण १९८७ चे ते मोर्चे आणि तुमच्या गल्लीतलं आजचं शांत आयुष्य यांच्यामध्ये एक सरळ रस्ता आहे, आणि मुलीला तो माहीत असायला हवा.

हा रस्ता आणखी मागे जातो. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. १९४६ मध्ये ते दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरतं. देशांनुसार माणसं मोजण्याची ही पद्धत १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं मोडली. तो कायदा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ, त्याच चळवळीनं तापवलेल्या वातावरणात आला. तुमच्या नवऱ्याला त्यांच्या मूळ देशावरून नोकरी नाकारणं आज बेकायदा आहे, ते त्या १९६४ च्या कायद्यामुळेच. या चळवळीत अलाबामा राज्यातल्या सेल्मा आणि बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर लाठ्या खाणाऱ्यांना यवतमाळ कुठे आहे हे माहीत नव्हतं. तरी त्यांच्या लढ्याचं फळ तुमच्या घरात आलं आहे.

आणि शिवाजी महाराज? जरूर शिकवा, नीट शिकवा. दोन पिढ्या मागे गेलात की निजामशाहीत मलिक अंबर भेटतोच. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये पोहोचलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून पाणी आणणारी त्याची नहर आजही अभ्यासली जाते. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. मराठ्यांच्या इतिहासात आफ्रिकेतून आलेली माणसं आधीपासून आहेत. नवऱ्याला सांगा, मुलीला दोन इतिहासांतून एक निवडायला लावू नका.

आता सासरे. त्यांच्या प्रश्नावर मुलगी चिडली ते मला कळतं. पण मला तो उत्तर देण्यासारखा प्रश्न वाटतो, आणि योगायोग असा की त्याचं उत्तर समजून घ्यायला यवतमाळच्या शेतकरी घरातल्या माणसाइतका लायक दुसरा कुणी नसेल. कारण उत्तर कापसात आहे.

१७९३ मध्ये जॉर्जियातच, म्हणजे तुमच्याच राज्यात, एली व्हिटनीनं सरकी वेगळी करण्याचं यंत्र बनवलं आणि कापूस हे सोन्याचं पीक झालं. यंत्रामुळे राबणारे हात कमी लागतील असं वाटेल, झालं उलटंच. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये सुमारे ४० लाख. त्यांनी वेचलेल्या कापसावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या चालत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, हा कापूस अडला आणि गिरणीवाल्यांनी मोर्चा वळवला हिंदुस्थानकडे. मुंबईत पैशांचा पूर आला, वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचं नशीब आणि जॉर्जियातल्या गुलामाचं नशीब असं एका धाग्यात अडकलेलं होतं.

गुलामी संपली तेव्हा माणसं मोकळी झाली, पण हातात जमीन नव्हती. मग त्याच मळ्यांवर वाट्यानं शेती सुरू झाली. बियाणं उधार, अवजारं उधार, घरातलं पीठसुद्धा दुकानातून उधार. व्याज सावकार सांगेल ते, आणि हिशेबाची वही त्याच्याच हातात. पेरायचा तो कापूसच, कारण कर्ज त्याच पिकावर मिळायचं. वर्षाच्या शेवटी कर्ज फिटायचं नाही आणि कर्ज आहे तोवर गाव सोडता यायचं नाही. हे सासऱ्यांना समजावून सांगावं लागणार नाही. इतकं असूनही ज्यांनी जमीन घेतली, त्यातल्या अनेकांचं पुढे काय झालं ते फोर्साइथमध्ये दिसलंच. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्यांभोवती लाल रेघा ओढल्या गेल्या आणि तिथल्या लोकांना घरासाठी कर्ज मिळणं जवळपास बंद झालं. तुमच्या नवऱ्यानं दोन बॅगा आणल्या, पण सोबत पदवी होती, आणि त्यांचं घर रात्री कुणी जाळणार नव्हतं.

हे सासऱ्यांना सुनावू नका. आणि हे बोलण्याचं काम तुमच्या एकटीच्या गळ्यात घेऊ नका. आपल्याकडे सासऱ्यांशी अवघड बोलणं सुनेवर ढकललं जातं आणि वाईटपणाही तिलाच मिळतो. ते त्यांचे वडील आहेत, नवऱ्यानं बोलावं. तेराव्या वर्षीच्या मुलीला हे एकटीनं बोलावं लागलं, कारण टेबलावरची बाकीची मोठी माणसं गप्प बसली. तुम्ही पत्रात तुमचं स्वतःचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. त्या रात्री तुम्ही काय म्हणालात? काहीच म्हणाला नसाल, तर मुलीच्या रागात तुमच्याबद्दलचा थोडा राग असू शकतो.

मुलीनं माफी मागावी का? ताटावरून उठून गेली आणि आजोबांवर एक शिक्का मारला, त्याबद्दल मागावी. आक्षेप घेतला, त्याबद्दल मागायची गरज नाही. हा फरक तिला स्पष्ट सांगा, नाहीतर अन्यायाबद्दल बोलणं म्हणजेच उर्मटपणा असा अर्थ ती काढेल. तिला क्लॉडेट कोल्व्हिनबद्दल माहीत आहे का ते विचारा. मार्च १९५५ मध्ये, रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, अलाबामातल्या त्याच माँटगोमरी शहरात पंधरा वर्षांच्या क्लॉडेटनं गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. त्या फेब्रुवारीत ती शाळेत आपल्या लोकांचा इतिहास शिकत होती. पुढे तिनं सांगितलं की त्या क्षणी गुलामीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रुथ खांद्यांवर हात ठेवून आपल्याला खाली बसवत आहेत असं वाटलं. मुलांना हा इतिहास का शिकवायचा, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. आणि हे शिकवायला कुणी सहज परवानगी दिली नव्हती. गुलामीतून सुटलेल्या आईवडिलांचा मुलगा, कोळशाच्या खाणीत राबून उशिरा शिकलेले आणि १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी सुरू केला. १९७६ मध्ये त्याचा सरकारमान्य महिना झाला.

मुलीला बार्बरा जॉन्सही आवडेल. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलमध्ये १९५१ साली, सोळाव्या वर्षी, तिनं शाळेच्या पडक्या इमारतीविरुद्ध साडेचारशेहून अधिक मुलांचा संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला खटला १९५४ च्या त्या प्रसिद्ध निकालाचा भाग झाला, ज्यानं शाळांमधलं वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य ठरवलं.

आजोबा आणि नात यांना पुन्हा बोलतं करायला मी कार्व्हरांची मदत घेईन. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चरित्र आपल्याकडे किती घरांत वाचलं गेलं आहे! निवृत्त शिक्षकानं ते वाचलेलं असण्याची, वर्गात सांगितलेलंही असण्याची दाट शक्यता आहे. गुलाम आईच्या पोटी जन्म, तान्हं असताना अपहरण, आई पुन्हा कधीच सापडली नाही. तरी शिकत शिकत हा माणूस १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्किगीला पोहोचला. कापसानं खंगलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी लावा, असं त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना सांगितलं. १९०६ मध्ये तर शेतीची शाळाच घोडागाडीवर घालून गावोगाव पाठवली. आजोबांना म्हणा, तुमच्या नातीला कार्व्हर सांगा. त्यांच्या मनात ज्या माणसाबद्दल आदर आहे तो, आणि ज्या ‘या लोकां’बद्दल ते बोलले ते, एकाच घरातले आहेत हे त्यांना सांगताना स्वतःच जाणवेल. मला वाटतं, जाणवेलच.

टस्किगी तुमच्यापासून फार लांब नाही. अटलांटाहून आय-८५ महामार्गानं साधारण दोन तास, आणि तिथे कार्व्हरांचं संग्रहालय आहे. सगळे मिळून जा. तोच रस्ता पुढे माँटगोमरीला जातो. तिथल्या स्मारकात जमावानं मारलेल्या ४,४०० हून अधिक बळींची नोंद आहे आणि काउंटीवार पोलादी स्तंभ टांगलेले आहेत, त्यात फोर्साइथचाही आहे. तिथे मुलीला न्या, धाकट्याला नको. त्याला अटलांटातच ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर किंग यांचं जन्मघर आणि त्यांचं चर्च दाखवा, जवळ गांधीजींचा पुतळाही आहे. हा इतिहास फक्त साखळ्या आणि दोर असा मुलांपुढे येऊ नये. त्या रस्त्यावर कृष्णवर्णीयांच्या बँका, विमा कंपन्या, वर्तमानपत्रं उभी राहिली, गाणी वाजली, लग्नं लागली. दुःखच सांगत राहिलो तर मुलं कीव करायला शिकतात, आणि कीव हा आदर नव्हे.

एक अवघड गोष्ट राहिली. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या लोकांच्या अन्यायावर हळहळणं सोपं असतं. तुमच्या घरात जातीबद्दल काय बोललं जातं? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना, आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा या आशेनं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये, कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या हार्लेमच्या शेजारी, कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. मराठी माणसाला हा इतिहास दीडशे वर्षं ‘आपला’ वाटत आला आहे, निदान ज्यांना त्याची गरज होती त्यांना. मुलगी विचारणारच, “आजोबांच्या गावात विहिरी वेगळ्या होत्या का?” तेव्हा विषय बदलू नका. तुमचं घराणं या गोष्टीत कुठल्या बाजूला होतं, हे खरं सांगा.

अशीच पत्रं मला न्यू जर्सीतून, लंडनहून आणि पुण्यातूनही येतात, म्हणून दोन शब्द सगळ्यांसाठी. वर्गातल्या एखाद्या कृष्णवर्णीय मित्राला मुलांनी सगळ्यांचा प्रतिनिधी समजून प्रश्न विचारू नयेत, तो त्यांच्यासारखाच शाळकरी मुलगा आहे. घरात पाहुणे असताना कुणी रंगावरून काही बोललं, तर मुलांसमोरच, आवाज न चढवता, “आमच्याकडे असं बोलत नाहीत” एवढं म्हणा. पुण्या-मुंबईत आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी राहतात, त्यांना घर भाड्यानं देताना आपल्या सोसायटीत काय बोललं जातं ते मुलं ऐकत असतात. आणि गोव्याच्या सहलीत पोर्तुगीज चर्च दाखवताना हेही सांगा की तिथे आफ्रिकेतून गुलाम आणले जात, आणि शेजारच्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दींच्या पूर्वजांपैकी बरेच जण त्याच वाटेनं आले.

तुमच्यासाठी शेवटचं एक. मुलीच्या शिक्षकांना विचारा की प्रकल्पात घरच्या माणसाची मुलाखत चालेल का. चालत असेल तर तिनं आजोबांना कापसाबद्दल विचारावं. त्यांच्या लहानपणी भाव किती होता, सावकार कोण होता, कर्ज कसं फिटायचं, वही कुणाकडे असायची. मराठीतच विचारावं, अडेल तिथे तुम्ही मदत करा. आणि त्याच पानावर शेजारी जॉर्जियातल्या वाट्यानं शेती करणाऱ्याचा हिशेब मांडावा.